नाना आणि खोक्यातली गाडी

नानांचं खरं नाव नाना नाही. पुण्यात कॉलेजात असताना त्यांच्याकडे चौथ्या की पाचव्या हाताची एक राजदूत मोटरसायकल होती आणि तिचे सुटे भाग शोधायला ते आठवड्यातून तीनदा नाना पेठेत जात. तास बुडवून कुठे गेला होतास, तर नाना पेठेत. सिनेमाला का आला नाहीस, तर नाना पेठ. पुढे पेठ गळाली आणि नाना तेवढे उरले. न्यू जर्सीत येऊन आता तीस वर्षं झाली, चार खोल्यांचं घर झालं, दोन मुली शिकून कामाला लागल्या, तरी दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की नानांच्या चेहऱ्यावर एकच हिशेब उमटतो: नाना पेठेत ही केवढ्याला पडली असती?

परदेशातल्या प्रत्येक मराठी वस्तीत असा एक गृहस्थ असतोच. लोक त्याला चिक्कू म्हणतात, पण ते बरोबर नाही. चिक्कू माणूस पैसे वाचले की सुखावतो. नाना सुखावतात ते कंपनीने आपल्याला गंडवायचा घाट घातला होता आणि आपण गंडलो नाही, या जाणिवेने. हे सुख मिळवण्यासाठी वाटेल तेवढा खर्च करायची त्यांची तयारी असते. दोन डॉलर स्वस्त कोथिंबिरीसाठी ओक ट्री रोडवरची देशी दुकानं सोडून चौदा मैल लांब जाताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. शेजारी बसून.

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आरती झाली, मंत्रपुष्पांजली चालू होती आणि नानांनी माझ्या नाकापुढे फोन धरला.

"१,७९९. घरपोच. २२९ सीसी."

"काय?"

"मोटरसायकल. नवी कोरी. चीनहून. खोक्यात येते."

मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत नानांनी भागाकार करून ठेवला होता. सीसीला आठ डॉलरसुद्धा पडत नव्हते. होंडाची याच अंगलटीची, म्हणजे डांबरावर आणि मातीवर दोन्हीकडे चालणारी २८६ सीसीची गाडी पाच हजारांच्या वर जाते, म्हणजे सीसीला सतरा डॉलरच्या वर. शिवाय वाहतूक, जोडणी आणि कागदपत्रं अशी दुकानदाराची तीन बोटं वेगळी. मोटरसायकल अशी सीसीवर, भाजीसारखी तोलून घेतलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ऑक्टोबरात खोकं आलं. अठरा चाकी ट्रक आला, मागची फळी खाली उतरली, ड्रायव्हरने ते धूड नेमकं रस्त्याच्या कडेला ठेवलं, सही घेतली आणि तो गेला. 'घरपोच' या शब्दाचा अर्थ इथे 'घरासमोरच्या रस्त्यापर्यंत' असा आहे, हे नानांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी चहाला म्हणून आम्हा चौघांना बोलावून ठेवलं होतं. तीन संगणकवाले आणि एक हृदयरोगतज्ज्ञ. शेवटच्या माणसाची निवडही विचारपूर्वक केली असावी.

पुठ्ठा फाडला तर आत लोखंडी सळ्यांचा पिंजरा आणि पिंजऱ्यात फोममध्ये गुंडाळलेली गाडी. पुढचं चाक काढून बाजूला बांधलेलं, हँडल टाकीवर मान टाकून पडलेलं, आरसे निराळ्या पिशवीत, बॅटरी कोरडी आणि तिचं ॲसिड वेगळ्या बाटलीत. टाकीवर विजेच्या लोळाचं चित्र. सोबतच्या पुस्तिकेतल्या इंग्रजीचा मथितार्थ असा होता, की स्वाराने प्रसन्न चित्ताने चाक बसवावे आणि नंतर घसरू नये.

नाना प्रसन्न चित्ताने बसले. मी विजेरी धरून होतो म्हणून पुढचा प्रकार मला अगदी जवळून दिसला. पुढच्या आसाला चिमटीत धरणारा एक छोटा बोल्ट असतो. नानांनी त्याला पाना लावला. पाव फेरा गेला, अर्धा गेला, विरोध वाढत गेला, आणि मग एकाएकी विरोध नाहीसाच झाला. पाना हातात गरगर फिरायला लागला. ज्याने आयुष्यात एकदा तरी हे केलंय, त्याच्या मनगटाला तो क्षण कळतो. मनगटातून तो सरळ पोटात उतरतो. आटे गेले होते.

आम्ही चौघेही गप्प. हृदयरोगतज्ज्ञाने हळूच नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गेले आटे!" नाना उभे राहून म्हणाले. मुलीच्या दहावीचा निकाल सांगावा तसे. मग खिशातून एक पुडी काढली. तिच्यात त्याच मापाचे, ८.८ ग्रेडचे बारा बोल्ट होते. "हे धरूनच चालायचं. चिनी बोल्ट लोण्याचे. काढायचे, फेकायचे, हे घालायचे, वर निळं लॉकटाइट, म्हणजे सुटत नाहीत."

त्या दिवशी गाडी चालू झाली नाही, व्हायचीही नव्हती. आधी इंजिनातलं तेल काढायचं, कारण ते फक्त समुद्रप्रवासापुरतं घातलेलं असतं. नवं घालायचं, शंभर मैलांनी तेही काढायचं आणि त्यात धातूची चमचम दिसली तर घाबरायचं नाही. प्लग फेकून एनजीकेचा डी८ईए घालायचा. टॅपेट ०.०८ मिलिमीटरला लावायचे. धुराच्या नियमांसाठी कार्ब्युरेटरला पेट्रोल इतकं तंग सोडलेलं असतं, की थंडीत गाडी चोक ओढूनही कण्हते, म्हणून त्याचा जेट बदलायचा. जमलं तर अख्खा कार्ब्युरेटरच. चेन ताणते, ती बदलायची. टायर पावसात साबण होतात, तेही बदलायचे. पंधरा मिनिटं ही यादी ऐकल्यावर आमच्यातल्या एकाने भीत भीत विचारलं, "नाना, मग ठेवायचं काय?"

"इंजिन," नाना म्हणाले, आणि त्यांचं कीर्तन सुरू झालं.

हे कीर्तन मी आता निदान वीस वेळा ऐकलं आहे आणि मला मान्य करावं लागतं, की ते चांगलं आहे. १९७६ साली होंडाने सीजी १२५ नावाची गाडी काढली. गरीब देशांत लोक तेल बदलत नाहीत, टॅपेट लावत नाहीत, गाडीवर चारजण बसतात, हे पाहून होंडाच्या लोकांनी मुद्दाम जुन्या पद्धतीचं, पुशरॉडचं इंजिन बनवलं. कमी नखरे, कमी तक्रारी, खायला घालाल ते खाणार, लादाल ते ओढणार. त्याच घराण्यातली इंजिनं पुढे चीनमध्ये लाखांनी निघाली. छोंगछिंग शहरात तर लिफान, झोंगशेन, लोन्सिन अशा कंपन्यांची पेठच वसली. नानांच्या २२९ सीसीचा मूळपुरुष तोच.

इथून पुढे आवाज चढतो. "आणि चिनी चिनी काय म्हणता? ती लोन्सिन बीएमडब्ल्यूला इंजिनं बनवून देते. एफ ८५० जीएसचं इंजिन कुठलं? छोंगछिंगचं! इटलीची बेनेली, १९११ची कंपनी, २००५पासून मालक कोण? चिनी! व्हिएतनामात २००० सालच्या सुमाराला चिनी गाड्या आल्या म्हणून शेतकऱ्याच्या दारात मोटरसायकल उभी राहिली!"

सगळं खरं आहे. फक्त नाना प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान फाडून सांगतात. चिनी गाड्यांनी बाजार खाल्ला तेव्हा होंडाने २००२ साली व्हिएतनाममध्ये स्वस्तातली वेव्ह अल्फा आणली आणि गिऱ्हाइकं मुकाट्याने होंडाकडे परतली. बीएमडब्ल्यूचं इंजिन बनतं तेव्हा बीएमडब्ल्यूचे नकाशे असतात, त्यांची मापं असतात, न जमलेला माल परत पाठवणारा त्यांचा माणूस असतो. नानांच्या खोक्याच्या वेळी तिथे फक्त १,७९९ हा आकडा उभा होता. कारखाना तुम्ही मोजाल तेवढ्या दर्जाचा माल देतो. पैसे कमी पडले की तो इंजिनाच्या ओतकामात चोरी करत नाही, ऑइल सील, बेअरिंग, रबर, वायरींचे जोड आणि बोल्ट यांत करतो. नाना पेठेत दहा वर्षं घालवलेल्या माणसाला हे कळत नसेल असं नाही. कीर्तनकाराला सगळं माहीत असतं, पण आख्यान कुठे थांबवायचं हेही माहीत असतं.

गाडी तीन आठवड्यांत जोडून झाली. नानांनी ती गॅरेजमध्ये स्टँडवर चढवून चालू केली आणि फटफट ऐकायला वहिनींना बोलावलं. वहिनी आल्या, ऐकलं, म्हणाल्या, "राजदूतसारखा वास येतोय," आणि आत गेल्या. ही स्तुती समजायची की नाही यावर नानांनी मला दोनदा विचारलं.

मग कागद. इथे नवी गाडी नोंदवायला तिचा जन्मदाखला लागतो, म्हणजे बनवणाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र. ते विकणाऱ्याकडून पाच आठवड्यांनी आलं. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी चेसिस नंबरची सतरा अक्षरं एकेक करून वाचली. पहिलं अक्षर 'एल', म्हणजे चीन. इथपर्यंत कागद आणि गाडी यांचं एकमत होतं. चौदाव्या अक्षराला ते मोडलं. कागदावर ३, सांगाड्यावर ८. बाईंनी सहानुभूतीने कागद परत सरकवला. विकणाऱ्याचा फोन कधी लागायचा, कधी नुसताच वाजायचा, कधी एक गाणं ऐकवायचा. दुसरा दाखला यायला जानेवारी उजाडला. तोवर बर्फ पडलं होतं, रस्त्यांवर मीठ टाकलं होतं आणि मिठातून ही गाडी एकदा जरी नेली असती तरी तिच्या सळ्यांचा रंग नाना पेठेतल्या जुन्या मालासारखा झाला असता. त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन आणि वहिनींची चारचाकी बाहेर बर्फाखाली. रोज सकाळी सात वाजता वहिनी काचेवरचं बर्फ खरवडायच्या. खरवडण्याचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा यायचा, असं शेजारी म्हणतात.

विम्याचीही एक छोटी गंमत झाली. कंपनीच्या यादीत या गाडीचं नावच नव्हतं. शेवटी 'इतर' या सदरात विमा उतरला. 'इतर' हा शब्द नानांना फार झोंबला.

एप्रिलमध्ये पहिली फेरी. मोटरसायकलच्या परवान्यासाठी नानांनी मागच्या उन्हाळ्यातच दोन दिवसांचा वर्ग केला होता. तिथे शिकवणाऱ्या पोराला ते राजदूतचं क्लच ॲडजस्टमेंट शिकवून आले. ओक ट्री रोड जायला सहा मैल, यायला सहा. मी मागून माझ्या गाडीत. तिसऱ्या मैलाला डावा आरसा हळूहळू फिरत जाऊन नानांच्याच तोंडाकडे बघायला लागला. चौथ्या मैलाला नंबर प्लेट उडाली, ती मी थांबून उचलली. पाचव्या मैलाला नानांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, काही निखळलं.

"ऐकलंस?" हेल्मेटच्या आतून डोळे चमकत होते. "टॅपेटचा आवाज नाही. एक तास घातला होता रविवारी."

गाडी पंचावन्न मैलांपर्यंत खुशीत जाते, साठला थरथरते आणि त्यापुढे मनुष्याला आपल्या विम्याची आठवण येते. टर्नपाइकच्या महामार्गावर नाना ती नेत नाहीत. गावातल्या दुकानांत दुरुस्तीलाही नेत नाहीत, कारण दुकानं ती घेत नाहीत. सुटा भाग कुठून आणायचा हे दुकानदारांना माहीत नसतं, तासाला शंभर डॉलरच्या वर मजुरी लावून १,७९९ची गाडी दुरुस्त केली तर गिऱ्हाईक शेवटी भांडणार हे मात्र पक्कं माहीत असतं. नानांच्या मते हा जातिभेद आहे.

या गाडीची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, पुण्याच्या तुळशीबागेतून आणलेली. वहिनींनी ती एकदा जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर उघडली. टायर १४८. चेन आणि चक्रं ६२. कार्ब्युरेटर ७४. बॅटरी ४६, कारण खोक्यातली पहिल्या थंडीतच गेली. तीनदा तेल, ५१. बोल्ट आणि लॉकटाइट ३८. प्लग ४. एकूण ४२३. गाडीसकट २,२२२.

"बघ, आकडासुद्धा शुभ आलाय," नाना म्हणाले.

"टॉर्क रेंच ८९चा आहे, तो कुठाय?"

"हत्यार गाडीच्या खात्यात धरत नाहीत. ते स्थावर."

वहिनींनी पान उलटलं. पलीकडे त्यांच्या अक्षरात एक निराळं खातं होतं. तारखा आणि तास. शनिवार, चार तास. रविवार, साडेसहा. बेरीज १४० वर गेली होती. "आता यांचा तासाचा पगार लावा," वहिनी म्हणाल्या.

"छंदाला मजुरी लावत नसतात."

"मग गाडी स्वस्त पडली असं गावभर सांगू नका. छंद घेतला म्हणा, आणि त्याच्यावर गाडी फुकट आली म्हणा."

नाना आमटी भुरकत राहिले. त्यांना उत्तर सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही. आमटी चांगली झाली होती.

गेल्या वर्षी आम्ही दोघे एका शोरूममध्ये सहज शिरलो. मध्यभागी ट्रायम्फची स्पीड ४०० उभी होती, ४,९९५ डॉलरची पाटी लावून. नाव इंग्रजांचं, पण बनते आपल्या चाकणला, बजाजकडे. मी म्हटलं, "नाना, ही बघा. तुमच्या माहेरची."

नाना गुडघ्यावर बसले. सांध्यांवरून बोट फिरवलं. वायरी कशा बांधल्यात ते वाकून पाहिलं. एका बोल्टचं डोकं अंगठ्याने चाचपलं, पुतण्याच्या लग्नात मुलीकडच्यांचे दागिने डोळ्यांनी तोलावेत तसं. कडेच्या विक्रेत्याला त्यांनी पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण नेमकं कुठे लागतं ते समजावून सांगितलं. दोन मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावर निखळ अभिमान होता. मग हळूहळू एक उदास सावली आली.

"काय झालं? चांगली नाही?"

"उत्तम आहे रे." ते उठले, पँट झटकली. "पण यात करायचं काय? सगळं करूनच ठेवलंय."

तेव्हापासून माझ्या डोक्यात मोटरसायकल घोळायला लागली. बायकोला फारसं सांगितलं नव्हतं. १,७९९ हा आकडा काही वाईट नव्हता आणि नाना तर जवळच राहतात. एका शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन मी सरळ विचारलं, "नाना, मीही खोक्यातली मागवू का?"

मला वाटलं होतं कीर्तन होणार. नानांनी हातातला पाना खाली ठेवला, माझे दोन्ही हात धरून उजेडात नेले आणि तळवे पाहिले. पत्रिका बघणारे गुरुजी मंगळ दिसला की थांबतात, तसे ते थांबले.

"तू नको घेऊस."

"पण तुम्हीच तर म्हणता..."

"मी म्हणतो ते मला. तुझ्याकडे परवा नळ गळत होता तर तू माणूस बोलावलास. दीडशे डॉलर दिलेस. बरोबर? तुझ्यासारख्यानं ही घेतली तर ती सहाव्या महिन्यात ताडपत्रीखाली जाते आणि दुसऱ्या वर्षी पाचशेला निघते. घेणारा कोण, तर मी. पार्टसाठी." त्यांनी पाना परत उचलला. "तू वापरलेली जपानी घे. दहा-बारा वर्षांची असू दे. चालवून कंटाळलास तर जवळजवळ घेतल्या भावात जाईल. एवढ्या पैशात तेच शहाणपणाचं."

"मग तुम्ही का नाही घेतली?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी प्रश्न परत घेतला.

मी यामाहाची जुनी टीडब्ल्यू २०० घेतली. १९८७ सालापासून कंपनी ही गाडी थोड्याफार फरकाने तशीच विकत आली आहे. जाड टायर, गरीब स्वभाव. नानांच्या २,२२२ पेक्षा तीनशे डॉलर जास्त गेले. बटण दाबलं की चालू होते. पावसात उभी होती, दाबलं, चालू झाली. दोन महिने गॅरेजात पडून होती, दाबलं, दोनदा खोकली आणि चालू झाली. तिच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच आहे, त्यामुळे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक नानांच्या भोवती असतात आणि मी ताटं मांडतो.

नाना मात्र दर शनिवारी येतात. चहा घ्यायला म्हणून येतात, पण मागच्या खिशात दहा-बाराचा पाना असतो. चहा हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतात. चेन बोटाने वर-खाली करून बघतात. स्पोकांवर पाना टिचकी मारत नेतात आणि सगळ्यांतून सारखाच सूर आला की तोंड पाडतात. "बरी आहे," असं म्हणतात, जिथल्या मुलाला कधी सर्दीही होत नाही अशा घरातून निघताना बालरोगतज्ज्ञाने म्हणावं तसं.

मागच्या शनिवारी त्यांनी उजव्या आरशाला धरून हलवलं. पुन्हा हलवलं. कप माझ्या हातात दिला आणि खाली वाकून पाहिलं. आरशाच्या बुडाशी असलेलं नट फार तर पाव फेरा सैल होतं.

"अरे!" नाना ओरडले. आतून माझी बायको धावत बाहेर आली. नाना पाना काढून केव्हाच कामाला लागले होते. "बघ, बघ! जपानी म्हणे! थांब, निळं लॉकटाइट आहे माझ्याकडे गाडीत. चहा गरम करून ठेवा, वेळ लागेल."